निळं उचलायचं नाही

मी एक जुने अंडे आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. शिळे नव्हे, जुने. कुठलेही अंडे इतकी वर्षे टिकत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मी कोंबडीच्या पोटातून आलेच नाही. मी आले भट्टीतून. चिनी मातीचे, भरीव, हाताला गार आणि चांगलेच जड असे मी एक खोटे अंडे आहे.

खोटे अंडे कशाला, असे तुम्ही विचाराल. कोंबडीला जिथे एखादे अंडे दिसते तिथेच तिला आपले अंडे घालावेसे वाटते. खुराड्यात असे एक अंडे ठेवून दिले की ती जिन्याखाली आणि सरपणाच्या ढिगात अंडी लपवत फिरत नाही. हेच माझे काम. नुसते बसून राहायचे. सोपे वाटते ना? एकदा करून बघा.

मला घडवले ते दादांनी. ते कपबशांच्या कारखान्यात झिलई चढवण्याचे काम करत. त्यांनी मला घडवले ते मात्र कामासाठी नव्हे, चेष्टेसाठी. ती चेष्टा होती त्यांच्या बायकोची. तिला घरातले वहिनी म्हणत, म्हणून सारी गल्लीही वहिनीच म्हणे.

वहिनी नव्या नवरी होत्या तेव्हाची गोष्ट. सगळे जेवायला बसलेले असताना त्या सहज म्हणाल्या, "आमच्या माहेरी एक राखी रंगाची कोंबडी होती. ती निळी अंडी घालायची. कवच आतूनसुद्धा निळं."

पलीकडे दादांची बहीण बसली होती. तिला वहिनी वन्सं म्हणत. मागच्या दाराशी शिवणयंत्र मांडून ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीसारखीच होती.

"मग बलक हिरवा असेल," वन्सं म्हणाल्या.

सगळे पोट धरून हसले. वहिनींनी मान खाली घातली आणि घास गिळला. त्या दिवसापासून त्या घरात एक नवा वाक्प्रचार सुरू झाला. कुणी फुशारकी मारली, न पटणारे काही सांगितले, की लगेच दुसरा म्हणे, "हे बघा, आलं वहिनींचं निळं अंडं."

काही वर्षांनी दादांना लहर आली. कारखान्यात उरलेल्या मातीचे त्यांनी एक अंडे वळले, त्यावर फिकट निळी झिलई चढवली, भाजून घेतले आणि सकाळी हळूच काळ्या कोंबडीच्या पेंढ्यात ठेवून दिले. ते अंडे म्हणजे मी. वहिनी खुराड्यात वाकल्या. मी दिसताच त्यांनी टोपली खाली ठेवली. मग त्यांनी मला उचलले. मी जड होते. मी गार होते. दाराआड दादा आणि वन्सं हसू दाबून उभे होते.

वहिनी मागे वळल्या. मला वाटले, आता या मला भिंतीवर आपटणार. त्या एवढेच म्हणाल्या, "रंग अगदी बरोबर जमलाय हो. असाच होता."

दादांचे हसू तिथल्या तिथे मावळले. वहिनींनी मला पुसले, परत पेंढ्यात ठेवले आणि कामाला लावले. तेव्हापासून अंडी गोळा करायला जो कुणी जाई, त्याला एकच सूचना असे: "पांढरी सगळी घ्यायची. निळं उचलायचं नाही."

मित्रांनो, त्या दिवसानंतर दादा दर बाजाराला निळ्या अंड्यांची चौकशी करू लागले. मग एकदा बाजारातून येताना त्यांनी वेताच्या डालग्यात कोंडून एक कोंबडा आणला. दिसायला तो कसा होता म्हणून सांगू? चुना लावलेल्या भिंतीवर कुणी राखेचे पाणी शिंपडावे, तसा. विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते, की हा निळ्या अंड्यातून निघालाय.

वन्संनी शिवणयंत्र थांबवले. "दादा, अरे कोंबडा अंडं घालणार आहे का? तू आपला जाशील तिथे फसून येतोस."

"कोंबडा घालत नाही, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पण त्याच्या अंगात काय आहे ते त्याच्या लेकी सांगतात. लेकी अंडी घालायला लागेपर्यंत थांबावं लागतं."

"म्हणजे तोवर याला जावयासारखं पोसायचं?"

झाले. कोंबड्याचे नाव पडले जावईबापू. आणि तो खरेच तसा वागू लागला. दाणे आधी त्याला हवेत, पालथ्या पाटीवरची जागा त्याला हवी, आणि वन्संच्या पायांवर तर त्याचा विशेष राग. दाराबाहेर पाऊल पडले रे पडले की हा पंख पसरून धावलाच.

वहिनींनी जावईबापूची जोडी आपल्या काळ्या कोंबड्यांशी लावली. मग एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला हटून बसली. वहिनींनी तिच्याखाली निवडक अंडी ठेवली. मीही त्यांच्यात होते. माझ्या शेजारची अंडी आतून टकटक करू लागली, तडकली, आणि त्यांतून ओली पिल्ले बाहेर आली. मी मात्र होते तसेच राहिले. आता त्याचे वाईट वाटत नाही, पण तेव्हा वाटले होते.

सगळ्यांची अटकळ होती की पिल्ले काळी-पांढरी, कबरी निघणार. पण सुकल्यावर बघतात तर काय, एकूण एक पिल्लू राखी! वहिनी एक पिल्लू तळहातावर घेऊन पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिल्या.

"हाच रंग," त्या म्हणाल्या. "ठिपक्यांचा बाप आणि काळी आई. माझी आई अशीच जोडी लावायची. मी विसरूनच गेले होते."

वन्संनी वाकून बघितले. त्यांनाही पिल्लू आवडले होते, मला दिसत होते ना. पण हार मानतील तर त्या वन्सं कसल्या. "रंग आला खरा. पण पिसांच्या रंगानं अंडं रंगत नाही, वहिनी."

ते खरेच होते. पिसांचा रंग वेगळा, अंड्याचा वेगळा.

पिल्ले वाढली. राखी तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, अंगणभर मिरवू लागल्या. पण इकडे जावईबापूने एके दिवशी वन्संच्या घोट्याला अशी चोच मारली की रक्त आले, आणि त्या गडबडीत शिवून झालेला नवा कोरा गणवेश चिखलात पडला. मग मात्र वन्संनी हट्टच धरला. हा कोंबडा तरी राहील नाहीतर मी तरी. शेवटी ठरले ते असे: महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत एकाही लेकीने निळे अंडे घातले नाही, तर जावईबापू खाटकाकडे जाईल.

"आणि मग माहेरच्या निळ्या अंड्याचं नाव काढायचं नाही," वन्सं म्हणाल्या.

"नाही काढणार," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या तलंगेने अंडे घातले. पांढरे. दुसरीचे पांढरे. तिसरीचेही. राहिली एकच. तिचे नाव लाजरी, कारण आसपास कुणी नसले तरच ती पेंढ्यात शिरे. आणि नेमक्या त्या शेवटच्या आठवड्यात वहिनींचा ओल्या पायरीवरून पाय घसरला, घोटा सुजला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. खुराड्याचे काम वन्संकडे आले.

शनिवारी दुपारी लाजरी आत आली. इकडे तिकडे बघितले, छातीने मला ढकलत ढकलत पार कोपऱ्यात नेले आणि माझ्या जागी बसली. मी पेंढ्याखाली गाडले गेले, पण एका फटीतून मला दिसत होते. ती उठली तेव्हा माझ्या जागेवर एक अंडे होते. लहानसे, उबदार आणि निळे. मित्रांनो, माझ्यापेक्षाही सुंदर निळे.

थोड्या वेळाने वन्सं वाकल्या. पांढरी अंडी त्यांनी टोपलीत घेतली. निळे बघितले, आणि सवयीने तसेच ठेवले.

निळं उचलायचं नाही! अहो, आज उचला, असे मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठे आहे?

खिडकीतून वहिनींचा आवाज आला. "लाजरीनं घातलं का हो काही?"

"बसून उठली नुसती. पेंढ्यात ते तुमच्या नवऱ्याचं निळं आहे तेवढं."

वहिनी म्हणाल्या, "मग उद्या न्या त्याला. ठरलं ते ठरलं."

रविवारी सकाळी वन्सं डालगे घेऊन अंगणात आल्या. जावईबापूला काय कल्पना? तो नेहमीसारखा पंख फुलवून अंगावर आला. वन्सं खुराड्याकडे सरकल्या आणि हाताला लागेल ते उचलले. "या निळ्या खुळापायी सगळं झालंय," असे म्हणत त्यांनी ते नेम धरून फेकले. त्यांना वाटले, त्यांनी मला फेकले. मी असते तर जावईबापू जागच्या जागी आडवा झाला असता.

नेम चुकला. भिंतीवर फट्ट झाले, आणि भिंतीवरून पिवळाधमक बलक ओघळू लागला.

वन्सं जागीच थिजल्या. जावईबापूने माघारी वळून बघितले आणि धावला. त्याच्यामागे काळ्या कोंबड्या, राखी तलंगा, सगळा गोतावळा. कोंबड्यांना अंड्याची चटक फार. बलक तर खातातच, कवचही सोडत नाहीत. वन्सं नुसत्या गप्प उभ्या राहिल्या असत्या, तर अंगणात काही उरले नसते. बघणारे दुसरे कुणी नव्हते. वाक्प्रचार तसाच राहिला असता आणि कोंबडाही गेला असता.

पण वन्सं डालगे टाकून धावल्या. "हाड, हाड, मेल्यांनो," म्हणत, दोन्ही हातांनी कोंबड्या हाकलत त्या मातीत गुडघ्यांवर बसल्या. घोट्यावर जावईबापूच्या चोची बसत होत्या, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. लाजरीच्या चोचीतून त्यांनी कवचाचा अर्धा तुकडा ओढून काढला आणि तो ओंजळीत धरून आत गेल्या.

"वहिनी, हे बघा."

"काय ते?"

"तुमचं अंडं. मी फोडलं."

वहिनींनी कवच घेतले आणि खिडकीच्या उजेडात उलटेसुलटे केले. वन्संही वाकून बघत होत्या.

"आतूनसुद्धा निळं आहे," वन्सं म्हणाल्या.

"म्हणत होते ना मी."

"म्हणत होतात." वन्संनी बोटांना लागलेला बलक पदराला पुसला. "बलक मात्र पिवळाच निघाला हो."

मग दोघी जणी अशा हसल्या, की दादा हातातला चहा तसाच ठेवून धावत आले. मला कोपऱ्यातून शोधून काढले ते त्यांनीच. मागे एकदा बादलीवर आपटून माझा टवका उडाला होता. त्यातून आतली पांढरी माती दिसते. त्यांनी एका हातात मला धरले, दुसऱ्या हातात ते कवच, आणि म्हणाले, "माझं वरवरचं होतं गं."

जावईबापू म्हातारा होऊन मेला. पुढे राखी कोंबड्याची राखी कोंबडीशी जोडी लावली तर निम्मी पिल्ले राखी निघत, बाकीची काळी नाहीतर ठिपक्यांची. पिल्ले न्यायला येणारे लोक ती नाकारत, तर वन्संच त्यांना बजावत, "ही टाकू नका. राखी यांच्यातूनच येतात." आणि गल्लीत कुणी न पटणारी पण खरी गोष्ट सांगितली, की आता म्हणतात, "हे वहिनींचं निळं अंडं आहे बरं का."

माझे म्हणाल तर त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. निळ्या अंड्यांच्या खुराड्यात निळे खोटे अंडे कोण ठेवील? माझ्या जागी एक पांढरे आले. मी फळीवर गेले, धूळ खाल्ली, विसरले गेले. मग वन्संनी मला खाली काढले. आता मी शिवणयंत्रावर कापड दाबून बसते. शेजारी एका डबीत, कापसात, ते अर्धे कवच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी आपल्या जुन्या घरची अशी एखादी गोष्ट सांगत असेल. हसण्याआधी ती पुरती ऐका. आणि रोज एकाच जागी दिसते म्हणून जिच्याकडे तुम्ही बघतच नाही, ती वस्तू कधीतरी हातात घ्या. कदाचित ती उबदार लागेल, लाजरीच्या अंड्यासारखी.