आठ लाल बाटले

डॉक्टर जतीनला मी सोडणार नव्हतो. माझी बायको निलम त्याच्या तलासरीच्या नर्सिंग होममध्ये धुरात गुदमरून मेली, त्याला आता अकरा महिने झाले. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस, बिचारीला उठताही येत नव्हतं. दुपारी एसीने पेट घेतला. सोबतीला माझी सासू रखमाबाई होती. आग विझवायचे ते लाल सिलेंडर, आम्ही त्यांना बाटले म्हणतो, त्यातला एक आणायला ती पॅसेजमध्ये धावली. भिंतीवर नुसते हूक! परत फिरेपर्यंत खोलीत धूर कोंडला होता. तिला पोरीपर्यंत पोचताच आलं नाही.

चौकशीत डॉक्टरने सरळ हात वर केले. म्हणाला, "बाटले रिफिलिंगला गेले होते." कुठून तरी कागदही आणून दाखवला. झालं, प्रकरण मिटलं.

रिफिलिंगला? डोंबल! ते बाटले माझ्या टेम्पोत होते.

डॉक्टरची नर्सिंग होम दोन, एक डहाणू रोडला आणि एक तलासरीला. बाटले मात्र दोन्हीकडे मिळून आठच. फायर ब्रिगेडचे साहेब जिथे तपासायला येणार, तिथे त्या दिवशी बाटले हजर. ने-आण माझ्याकडे. मी बोर्डीचा, चिकूचा टेम्पो चालवतो. क्रेटखाली काय आहे ते कोण बघायला येतंय? आगीच्या दिवशी डहाणूची तपासणी बाराला उरकली. बाटले लगेच तलासरीला परत न्यायचे होते. मी म्हटलं, आधी माल भरू, संध्याकाळी नेऊ, तसंही निलमला भेटायला जायचंच आहे. चारला आग लागली.

हे मी सासूला सांगितलेलं नाही. पोरगी गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. मला गरम भाकरी वाढते आणि रोज म्हणते, "जावईबापू, ज्याने ते बाटले हलवले ना, त्याचं वाटोळं होईल बघा." मी खाली मान घालून जेवतो.

गेल्या मंगळवारी डॉक्टरचा फोन आला. "धनेश, उद्या साहेब सकाळी डहाणूला आणि दुपारी तलासरीला आहेत. तू बाटले घेऊन त्यांच्या पुढे नीघ." निर्लज्जपणा बघा! मी तोंड उघडलं नाही म्हणून हा मला आपल्यातलाच समजत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गोड आवाजात म्हणालो, "हो डॉक्टर."

सासूला म्हटलं, "आई, उद्या माझ्याबरोबर चला. त्या जतीनची कशी जिरते ते बघा."

डहाणूत साहेबांनी आठही बाटल्यांच्या कार्डांवर सही केली, तारीख टाकली. एरवी वाटेत आशागडला गाडी थांबवून मी ती कार्डं काढतो आणि तलासरीची अडकवतो. या वेळी हात लावला नाही. पुढेही गेलो नाही, साहेबांच्या जीपच्या मागेमागे राहिलो. डॉक्टर फोनवर फोन करत होता, वाजू दिला. साहेब तलासरीच्या पॅसेजमध्ये रिकामे हूक बघत उभे होते, तेव्हा मी दोन-दोन बाटले आत आणून मुद्दाम आदळले.

"घ्या डॉक्टर, तुमचे डहाणूवाले!"

साहेबांनी कार्डावरची आपलीच सही ओळखली. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगतो, अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पण कसला हरामखोर माणूस! लगेच सावरला. "साहेब, इथले कालच रिफिलिंगला गेले. पेशंटना धोका नको म्हणून आजच्यापुरते डहाणूचे मागवले."

साहेबांनी पेन काढलं. "ठीक आहे. पंधरा दिवसांची नोटीस देतो. इथले आले की कळवा."

नोटीस! माझी बायको गेली आणि याला नोटीस!

"खोटं बोलतोय तो," मी ओरडलो. "दोन्हीकडे मिळून बाटले आठच आहेत. आजचं नाही, कायमचं आहे हे."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "धनेश, सासूबाई उभ्या आहेत. त्यांना घरी घेऊन जा."

गप्प बसलो असतो तर माझं घर राहिलं असतं आणि हा मोकळा सुटला असता. सासू माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिला वाटत होतं, जावई आपल्या पोरीसाठी भांडतोय.

मी त्याचा हात झटकला.

"आग लागली त्या दिवशी बाटले रिफिलिंगला नव्हते, साहेब. बोर्डीला चिकूच्या वाडीत माझ्या टेम्पोत होते. मीच नेले होते. हा बघा याचा त्या दिवशीचा मेसेज, 'बाटले आत्ताच तलासरीला पोचव.' आणि खाली माझं उत्तर, 'संध्याकाळी आणतो.'"

साहेबांनी फोन हातात घेऊन दोनदा वाचलं. "डॉक्टर, पेशंट हलवायला घ्या," ते म्हणाले. "हे आता पोलिसांत जाणार."

डॉक्टर मटकन बाकावर बसला. हेच बघायला मी अकरा महिने थांबलो होतो, आणि तेच नीट बघता आलं नाही. माझी नजर सासूवर होती.

ती सावकाश चालत साहेबांपाशी गेली आणि त्यांच्या हातातल्या नोटिशीच्या कागदावर बोट ठेवलं.

"साहेब, ह्याचंही नाव लिहा," ती म्हणाली. "आधी ह्याचं लिहा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पूर्ण नाव सांगितलं, धनेश काशीनाथ सावे, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.