परिचयातील एक स्त्री

एवढासा कोपरा, नखाएवढा, आत दुमडलेला... पान एकशे बाराचा. बाकीचा फर्मा, छापील पानांची ती घडी, कसा सरळसोट, कडेला कड लागलेली. आणि हा एकच कोपरा. चुकून? ताईच्या हातून? तीस वर्षं बाइंडिंगच्या या खोलीत छापील कागद दुमडणारी ताई, हाडाच्या पट्टीने घडी अशी दाबणारी की मालकालाही नाव ठेवायला जागा सापडू नये — तिच्या हातून चुकून कोपरा दुमडत नाही, हे तिच्या भावाला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे तिने वाचलं होतं.

फर्मा त्याच्याच पुस्तकाचा, आणि सगळं पुस्तकच सुखावर. कुठले लोक म्हणतात, माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये. कुठले म्हणतात, सुख एकट्याचं नसतंच, घरादाराचं मिळून असतं. कुठले म्हणतात, इच्छा छाटत जा, उरेल ते सुख. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता त्याने हे देशोदेशींचं गोळा केलं, आणि इच्छा छाटणाऱ्यांच्या प्रकरणात, याच पानावर, जिवंत उदाहरण म्हणून ठेवून दिली — ‘माझ्या परिचयातील एक स्त्री. आयुष्यभर कागद दुमडते. काय हवे म्हणून विचारले, तर म्हणाली, काही नको. पंडितांना जे साधत नाही ते तिला सहज साधले आहे.’

परिचयातील! सख्खी बहीण, कडेवर घेऊन जिने वाढवलं ती — परिचयातील! आणि या वाक्यावर तो खूश होता, बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं. आता त्याचे कान तापले. विचारलं होतं तेही कसं... दारात, उभ्या उभ्या, बाहेर टॅक्सी थांबलेली, डोळे घड्याळावर. ‘ताई, तुला काही हवंय का गं?’ असं विचारल्यावर कुणी दुसरं काय सांगणार?

आणि त्याच्याही आधी... नको, ते नको... पण आठवण काय आपली चाकर आहे? नऊ वर्षांचा तो, तेरा वर्षांची ती, गणितात वर्गात पहिली. बाबा म्हणाले, दोघांचं शिक्षण झेपायचं नाही, हिचं मन काय म्हणतंय बघू. ती घरात नव्हती. तेव्हा हाच पुढे होऊन म्हणाला होता, ‘ताईला शाळा आवडतच नाही.’ का म्हणालो मी? आपली शाळा सुटेल म्हणून घाबरून म्हणालो, दुसरं काही नाही. तिला काय हवं ते तेव्हाही मीच सांगितलं, आणि आता तर छापूनच मोकळा झालो. लाज वाटली.

‘दुपारून शिलाई सुरू होईल,’ मालक जाता जाता म्हणाले. ‘काही बदलायचं असेल तर आत्ताच बोला, सर. मग माझ्या नावाने खडे फोडू नका.’

तो फर्मा घेऊन ताईच्या टेबलापाशी गेला. तिने मान वर केली नाही.

‘वाचलंस?’

‘आम्ही वाचत बसलो तर तुमची पुस्तकं कधी व्हायची?’ पट्टी सरकन फिरली. ‘ती बाई तेवढी वाचली. गुणाची आहे हो. काही नको म्हणते.’

‘ताई, ते पान मी काढून टाकतो.’

‘का? खोटं आहे?’

तो दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ करत राहिला.

‘तेव्हा टॅक्सी उभी होती तुझी,’ ती म्हणाली. ‘आज आहे?’

‘नाही.’

‘मग बस. आणि नीट विचार.’

तिने पट्टी खाली ठेवली. तिचे हात रिकामे त्याने कधी पाहिले नव्हते. तो स्टुलावर बसला, दोनदा घसा खाकरला, आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, तुला काय हवंय?’

ती खिडकीकडे बघत राहिली, खरोखरच विचार करू लागली. ओठ एकदा हलले, थांबले... आणि सुखावर तीनशे पानं लिहिलेला तो, मांडीवरचा फर्मा घट्ट धरून, मनातल्या मनात तिची विनवणी करत होता — काही नको म्हण, ताई... एवढ्या वेळी काही नको म्हण.