मेणबत्तीचा वास

"काका, टाकीला अगरबत्ती ओवाळताय का?" नरेंद्रने विचारलं.

कमळाकर हसला नाही. प्लास्टिकच्या पट्टीला लायटर लावून त्याने ती फुंकून विझवली आणि धूर नाकाशी धरला. गाडीच्या कूलंटच्या टाकीला गेलेला तडा बुजवायचा, तर पट्टी टाकीच्याच जातीची लागते. भंगारातल्या तुकड्यावर जात लिहिलेली नसते. आपल्याकडे ही सवलत फक्त प्लास्टिकला आहे. धुराला मेणबत्तीचा वास आला, तर पट्टी चालते. केस जळल्यासारखा आला, तर फेकायची. विठ्ठलवाडी डेपोमागची कमळाकरची टपरी या एका नाकावर उभी होती.

ते नाक दिवाळीपासून बंद होतं. डॉक्टर म्हणाला होता, "वालधुनीच्या नाल्याकाठी राहता आणि वास येत नाही म्हणून तक्रार करता?" त्यानंतर कमळाकरने हा विषय कुणाकडे काढला नाही, घरी बायकोकडे, इंदुबाईकडेही नाही. जात ठाऊक असलेल्या बंपरचे तुकडे वापरून निभावलं. ते काल संपले.

"जमेल ना? शोरूमवाले बोलतात नवीन टाकी मागवायला लागेल. तोवर टॅक्सी उभी, म्हणजे मी पण उभा."

"मेणबत्ती," कमळाकर धुराकडे बघत म्हणाला.

त्याने तापलेल्या सोल्डरिंगने पट्टी वितळवून तड्यावर बसवली. टाकी बादलीत बुडवून फुंकली. एक बुडबुडा आला नाही. थंड पाण्यात कुठलाही सांधा इमानदार वाटतो.

टाकी गाडीला बसवून गेलेला नरेंद्र दुपारी रिक्षातून उतरला. उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं.

"चिखलोलीच्या पुढे वाफ निघायला लागली. मी झाकण खोललं."

"गरम असताना?"

"घाबरलो ना, काका." डाव्या हातात पट्टी होती. अख्खी, जशी लावली तशी सुटून आलेली. "टाकीच सडकी होती. तुमची काय चूक त्यात?"

शिवी दिली असती, तर कमळाकरला उलट काहीतरी बोलता आलं असतं. त्याने पट्टी पेटवली, विझवली आणि नरेंद्रच्या नाकाखाली धरली.

"कसला येतोय?"

"शी! केस जाळल्यासारखा. का? तुम्हाला नाही येत?"

कमळाकरने सोल्डरिंगचा प्लग काढला आणि टपरीचं शटर ओढलं. "चल, गाडी आणू."

नरेंद्रला स्टिअरिंग धरता येत नव्हतं, म्हणून दोरीने टेम्पोला बांधलेल्या गाडीत कमळाकर बसला. बंद इंजिनाचा ब्रेक दगडासारखा लागतो. दोन्ही पायांनी तो दाबत, पुढच्या टेम्पोवरचं 'पुन्हा भेटू' वाचत तो अंबरनाथला जितेशच्या गॅरेजपर्यंत आला. गॅरेजात येणारी प्रत्येक फुटकी टाकी जितेश कमळाकरकडे पाठवायचा. त्या टाक्यांवरच कमळाकरची चूल पेटत होती.

जितेशने बॉनेट उघडलं. "हेड गेलं, नरूभाऊ. इंजिन उतरवायला लागणार. कुठल्या येड्याने मारली ही पट्टी?"

"अरे, रस्त्यात एक जण भेटला..." नरेंद्र म्हणाला.

"मी मारली," कमळाकर म्हणाला.

"काय काका, मस्करी करता!"

"मला वास येत नाही. दिवाळीपासून."

बॉनेटखाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी जितेश बराच वेळ तिथेच वाकून राहिला. नरेंद्र हातावर फुंकर मारत होता.

"कुणाला तरी दाखवा, काका," शेवटी जितेश म्हणाला.

"दाखवलं."

बाकावर आणखी एक तडकलेली टाकी होती. तिच्यावर खडूने 'कमळाकर काका' लिहिलेलं होतं. जितेशने खांद्यावरचं फडकं घेऊन ते नाव पुसलं, आणि त्याच फडक्याने एक खुर्ची पुसून कमळाकरपुढे सरकवली.