सुपरवायझरची पाठ

गुरुवारी कंपन्या बंद असतात, म्हणून भोसरीपासून चाकणपर्यंत मुली बघायचे कार्यक्रम, जागेची बोलणी, बारशी, सगळं लोक गुरुवारीच उरकून घेतात. कुस्तीचा तो शोही गुरुवारीच होता, चऱ्होलीच्या एका लॉनवर. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं. खुर्च्यांच्या पाठींना गुलाबी फिती तशाच होत्या आणि नवरानवरीच्या स्टेजसमोर दोरांचा चौकोनी आखाडा उभा केला होता.

उद्धवराव दुसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी त्यांचे व्याही हिंदुराव बसले होते. निघोज्याचे जुने पैलवान. कान फुटून त्यांच्या पुऱ्या झालेल्या, खांद्यावर पांढरा टॉवेल, आणि खुर्ची त्यांना दोन्ही बाजूंनी कमी पडत होती.

"तुमी शब्द टाकला म्हणून आलो, पाव्हणं," हिंदुराव म्हणाले. "न्हाईतर असली ठरवून केलेली नुरा कुस्ती बघायला मी रस्त्यावर सुदिक थांबत न्हाई."

"बघू थोडा वेळ," उद्धवराव म्हणाले. याहून ठाम बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सबंध नोकरी भोसरीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, निवृत्तीनंतरचा वेळ वाचनालयात जात होता. पण केबल आली तेव्हापासून ते टीव्हीवरच्या या कुस्त्या बघत आले होते, आवाज अगदी बारीक करून. कोण चांगला पडतो, कोण नुसताच ओरडतो, कुठली कुस्ती दोन मिनिटं आधी संपायला हवी होती, याबद्दल त्यांची पक्की मतं होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपलं चुकत असेल, असंच त्यांना वाटायचं.

ही चोरी पकडली सूनबाईंनी. वर्षाली म्हणजे हिंदुरावांची लेक. तिनं ते आपल्या भावाला सांगितलं, आणि प्रज्वल गेल्या आठवड्यात सांगवीला येऊन समोर बसला. चाकणला प्रेस शॉपमध्ये कामाला असलेला, आडव्या हाडाचा पोरगा. आज शेवटची कुस्ती त्याचीच होती.

"मामा, दादांना घेऊन या," तो म्हणाला होता. "एकदा शेवटपर्यंत बसू देत. मग काय शिव्या घालायच्या त्या घालू देत."

"आणि मधेच उठून गेले तर?"

"तर सोडून देतो मी हे. वर्षभर बोलत नाहीयेत माझ्याशी. कुणीतरी पारावर व्हिडिओ दाखवला, हिंदुरावाचा पोरगा पडला म्हणून. माझं कामच पडायचं आहे, मामा. मी व्हिलन आहे. पण हे त्यांना कोण सांगणार? तुम्हाला यातलं कळतं."

तुम्हाला यातलं कळतं, असं उद्धवरावांना आजवर कुणी कुठल्याच बाबतीत म्हटलं नव्हतं. त्या भरात ते हो म्हणून बसले होते.

पहिली कुस्ती सुरू झाली. एकाचं नाव 'टोलनाका', कुणालाही पुढं जाऊ न देणारा आडदांड गडी. दुसरा 'डिलिव्हरी', पाठीला लाल पिशवी अडकवलेलं काडीसारखं पोरगं. टोलनाक्यानं त्याला बखोटीला धरून उचललं आणि धाडकन पाठीवर आपटलं. लगेच कोपऱ्यातली हलगी विजयाच्या ठेक्यात कडाडली, आणि मागच्या रांगांतून हिंदुरावांसोबत आलेल्या निघोज्याच्या म्हाताऱ्यांनी एकदम आवाज दिला, "झाली!"

"झाली," हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. "लावा पुढली जोड."

"नाही हो, इथं तीन मोजेपर्यंत दाबून ठेवावं लागतं," उद्धवराव हळूच म्हणाले.

"पाठ लागली की."

"लागली. पण..."

"लागली म्हंजी लागली. मग तीन मोजा न्हाईतर तीनशे."

पंच दोरावरून वाकून हलगीवाल्यावर हात हलवत होता. हलगीवाला यात्रेतल्या मैदानांवर वाजवणारा, शो रंगावा म्हणून मुद्दाम आणलेला. त्याचा बिचाऱ्याचा तरी काय दोष? जन्मभर त्याचा हात पैलवानाच्या पाठीकडं बघूनच चालायला शिकला होता. डिलिव्हरी पुढं आणखी चारपाच वेळा आडवा झाला, प्रत्येक वेळी हलगी कडाडली आणि प्रत्येक वेळी म्हातारे "झाली!" म्हणून ओरडले. शेवटी तो जिंकला तेव्हा कुणाचा विश्वासच बसला नाही.

"कशी वाटली?" हिंदुरावांनी विचारलं. डोळ्यांत मिस्कीलपणा होता.

उद्धवरावांचं मत होतं की पोरगं चपळ आहे, पण उड्या फार मारतं. एका उडीची धास्ती वाटेपर्यंत दुसरी येते, त्यामुळं कुठलीच लक्षात राहत नाही. "बरी होती," ते म्हणाले, आणि स्वतःवरच चिडले.

दुसरी कुस्ती बायकांची. दापोडीची मिनल, तिला 'क्रेन' म्हणत, आणि सांगवीची एक उंच मुलगी. मिनल बसकी, सावकाश चालणारी. तिनं त्या मुलीच्या कमरेला मिठी घातली आणि तशीच थांबली. लॉन गप्प झालं. मग तिनं तिला वर उचललं. लोक खुर्च्यांवर चढले.

"बघितलंत?" उद्धवरावांच्या तोंडून निसटलं. "ती घाई करत नाही. उचलण्याआधी थांबते. आपल्याला वाटतं, आता हिच्यानं होत नाही. बरोबर तेव्हा उचलते. आजची सगळ्यात चांगली कुस्ती ही."

बोलून झाल्यावर ते दचकले. हिंदुरावांनी त्यांच्याकडं जरा वळून बघितलं.

"खाली बसून उचलती पोरगी," ते म्हणाले. "मणका जायचा न्हाई तिचा. कुणीतरी शिकीवलंय नीट."

उद्धवरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी शेंगदाण्याची अख्खी पुडी व्याह्यांपुढं केली.

मग भोंगा वाजला. कंपनीत पाळी बदलताना वाजतो तसाच. पांढरा कडक शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, असा प्रज्वल आला. 'सुपरवायझर'. लॉनवर अशी काही हुर्यो उडाली की पलीकडच्या सोसायटीतले लोक गॅलरीत आले. प्रज्वलनं माइक घेतला.

"कालचं प्रॉडक्शन कुठंय?"

"तुझ्या खिशात!" कुणीतरी ओरडलं.

"आज गुरुवार आहे म्हणून इथं बसलाय काय? सुट्टी कॅन्सल! सगळ्यांना ओव्हरटाइम!"

"साहेब, टॉयलेटला जाऊ का?"

"दोन मिनिटं! घड्याळ लावलंय मी!"

लोक हसूनहसून आणि शिव्या देऊन लालबुंद झाले होते. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर चप्पल हातात घेतली. उद्धवरावांच्या मते हे उत्तम लक्षण होतं. पण हिंदुराव मान खाली घालून बसले होते.

"माझ्या पोराला शिव्या देत्यात," ते म्हणाले.

"त्याला नाही हो. आपापल्या सुपरवायझरला देतात."

कामगाराची डांगरी घातलेला, जांभया देत येणारा 'थर्ड शिफ्ट' दोरांत शिरला. त्याचं नाव संघर्ष, प्रज्वलच्याच लाइनवरचा मित्र. कुस्ती लागली. सुपरवायझर शिट्टी वाजवून वाजवून त्याला राबवत होता, जोर मारायला लावत होता, घड्याळ दाखवत होता. थर्ड शिफ्ट सोसत होता. आणि मग त्याचं डोकं फिरलं. सुपरवायझरला गुद्दे घालून त्यानं मधोमध नेलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या वरच्या दोरावर चढला.

त्यानं उडी घेतली तेव्हा त्याचा पाय घसरला.

अगदी बोटभर. कुणाला कळलंही नाही. पण अंग हवेत वाकडं झालं आणि डोकं आधी खाली यायला लागलं. उद्धवराव खुर्चीतून अर्धे उठले. इतक्यात प्रज्वल दोन पावलं पुढं सरकला, संघर्षला अंगावर घेतलं आणि त्याच्यासकट सपशेल पाठीवर आदळला. फळ्यांचा आवाज झाला. हलगी कडाडली. मागून म्हातारे ओरडले, "झाली!"

हिंदुराव उठले.

"चला पाव्हणं. झाली कुस्ती. पडलेला बघायचा व्हता, बघितला."

त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि ते रांगेतून बाहेर निघाले. उद्धवरावांना समोर प्रज्वल दिसत होता. आडवा पडल्यापडल्या तो तिरप्या नजरेनं दुसऱ्या रांगेकडंच बघत होता.

उद्धवरावांनी आयुष्यात कधी कुणाची बाही धरली नव्हती. आज धरली.

"हिंदुराव, तो पडला नाही."

"मला डोळं हायत."

"तुम्ही पाठीकडं बघत होता. हलगीवाल्यासारखं. मी हात बघत होतो. त्या पोराचा पाय सटकला होता वर. डोक्यावर येत होता तो. तुमच्या प्रज्वलनं पुढं जाऊन घेतलं त्याला. मुद्दाम आपली पाठ खाली घातली." त्यांनी बाही सोडली नाही. "मी इतकी वर्षं हे बघतोय. फेकणारे पुष्कळ असतात. चांगलं पडणारा एखादाच असतो. त्याच्या जिवावर दुसरा उडी मारतो. माझं मत चुकत असेल, पण आज या लॉनवरचा सगळ्यात मोठा पैलवान तो आहे."

मागचा माणूस म्हणाला, "ओ आजोबा, खाली बसून भांडा की राव!"

हिंदुराव बसले नाहीत. "हात कुठं व्हता त्याचा?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"प्रज्वलचा. पडताना."

"त्या पोराच्या मानेखाली."

हिंदुराव आखाड्याकडं बघत राहिले. दोघं पोरं उठून पुन्हा एकमेकांना भिडली होती.

"तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद असाच पडतो त्याच्यासंगं," ते म्हणाले. "हात मानंखाली घालून. त्याबिगर ते धाडस करीत न्हाई. ह्यो एवढासा व्हता तवा मी रोज पडायचो त्याच्याखाली. सकाळी सकाळी. त्याला वाटायचं, दादाला पाडलं." ते खाली बसले. "म्हंजी हे मैदान न्हाईच, पाव्हणं. तालमीतला जोर हाय हा, सरावाची लढत. आन् जोर करताना पाठ कुणी मोजत न्हाई. आधी न्हाई का सांगायचं?"

उद्धवरावांना हे आधी सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला ते असं मांडता आलं नव्हतं.

त्यानंतर हिंदुरावांचं तोंड बंद होईना. "मान आत घे, मान!" "पाय रुंद ठेव की रं!" मागून हलगी वाजली की तेच मागं वळून ओरडत, "गप रं! झाली न्हाई अजून!" शेवटी थर्ड शिफ्टनं सुपरवायझरला त्याच्याच शिट्टीच्या दोरीनं गुंडाळून उताणा पाडला. पंचानं तीन मोजले. सगळ्या लॉननं मोजले. लोकांनी टोप्या उडवल्या.

आणि हिंदुराव पुन्हा उठले. या वेळी आखाड्याकडं.

उद्धवरावांना क्षणभर कळलं नाही, मग लख्खकन कळलं. मैदानात कुस्ती आवडली की जाणता माणूस आत जातो आणि जिंकलेल्या पैलवानाच्या हातावर इनाम ठेवतो. हिंदुरावांनी दुसरं काही बघितलंच नव्हतं. पंचानं गोंधळून दोर वर धरला आणि ते वाकून आत शिरले. त्यांनी संघर्षच्या हातात नोट ठेवली. त्या पोराला काही सुचेना, त्यानं आपला वाकून नमस्कार केला.

रीतीप्रमाणं आता हरलेल्यानं उठून हात मिळवायचा असतो. पण सुपरवायझर मढ्यासारखा पडला होता. हिंदुराव त्याच्याजवळ वाकले. उद्धवरावांनी डोळे मिटून घेतले. उठला तर सगळा खेळ मातीत.

तिथं काय बोलणं झालं ते हिंदुरावांनी नंतर सांगितलं.

"ऊठ की."

"दादा, मी बेशुद्ध हाय," प्रज्वल ओठ न हलवता म्हणाला.

"किती येळ?"

"टाळ्या थांबेपर्यंत."

टाळ्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. "ओ बाबा, झोपू द्या त्याला!" गर्दीतून आवाज आला. "पहिलीच सुट्टी हाय त्याची!" सगळं लॉन हसलं. हिंदुराव सरळ झाले. त्यांनी लोकांकडं बघितलं, पोराकडं बघितलं. खांद्यावरचा टॉवेल काढला.

"ओव्हरटाइम घेतो व्हय रं!" ते गरजले आणि टॉवेल फाडकन सुपरवायझरच्या मांड्यांवर हाणला.

अशी आरोळी चऱ्होलीत त्याआधी उठली नसेल. हलगी कडाडली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच अगदी वेळेवर कडाडली. शोवाल्यांच्या दोघा पोरांनी सुपरवायझरला काखेत धरून ओढत नेलं. उद्धवरावांसमोरून जाताना त्याचा एक डोळा उघडा होता, आणि तो हसत होता.

अंधार पडायच्या आत लॉन रिकामं झालं. फाटकाजवळ दोघे व्याही प्रज्वलची वाट बघत उभे होते. तिघांनी मिळून निघोज्याला जेवायला जायचं, असं हिंदुरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"खरं सांगा, पाव्हणं," ते अजून धापा टाकत म्हणाले. "माझं कसं झालं?"

बरं झालं, असं म्हणायला उद्धवरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"टॉवेल लवकर मारलात," ते म्हणाले. "वर नेल्यावर थांबायला हवं होतं. लोकांना वाटलं पाहिजे, मारतात की नाही."

"त्या मिनलवानी."

"हो. तसंच."

हिंदुरावांनी विचार केला. मग इकडंतिकडं बघून टॉवेल हातात घेतला, सावकाश डोक्याच्या वर नेला आणि थांबले.

"एवढं बास?"

"अजून थोडं," उद्धवराव म्हणाले.