सहा कॉम्प्युटरांची वाटणी

"माझ्या घोडेस्वारांची पार खेचरं करून टाकली राव!" संघर्ष खुर्ची मागे ढकलून उठला. "चंदर, जुनं टाक परत. आत्ताच्या आत्ता."

"रोज त्याच घोड्यांवर जिंकायचास, म्हणून रडतोयस," पलीकडून ललित हसला. लढाईच्या गेमच्या नव्या अपडेटची सीडी त्यानेच आणली होती.

दाराशी गजरे ओवत बसलेल्या सखुबाईंचा हात थांबला. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकून त्यांनी पंचवटीत हा गाळा घेतला होता आणि लेकाला, चंदरला, सहा कॉम्प्युटर मांडून दिले होते. अंबडच्या कंपनीतली ही पोरं सुट्टीला येऊन राज्यं जिंकत, हरत. त्यांच्यावरच दुकान चाले. ते बुडालं की चंदर पुण्याची वाट धरणार, हे सखुबाई ओळखून होत्या.

"बघू ती तबकडी." त्यांनी सीडी उलटीपालटी केली. "कोनी दिली रं, ललित?"

"मित्राने, काकू. फुकट."

"फुकट? कारंज्यावरच्या त्या नव्या दुकानवाल्यानं तर नाय ना धाडली? भांडनं लावायची नि गिऱ्हाईक पळवायचं!"

"तुम्हाला तर देवळातल्या गुरवाचाही संशय येतो!"

"येतोच. तीर्थ देताना अंगठा बुडवतो त्यो."

सगळे हसले, पण भांडण मिटेना. नव्या गेममध्ये शेतं पडीक पडत, तटाला दगड जास्त लागे. कुणाला त्यातच मजा वाटे, कुणाला तो दगा वाटे. शेवटी सखुबाईंनी पदर खोचला. दिरांच्या मळ्याचे वाटे त्यांनीच पाडले होते. इथं तर नुसते सहा डबे.

"तिनांवर जुना गेम, तिनांवर नवा. धाकट्यानं आधी उचलायचं. संघर्ष, भिंतीकडचे का खिडकीकडचे?"

"आई, पण जुनं आणि नवं एकमेकांशी..."

"तू गप ऱ्हा. वाटनीत मधी बोलायचं नसतं."

संघर्षने जुन्या गेमसाठी भिंतीकडचे घेतले.

पुढच्या रविवारी सगळं उघडं पडलं. जुन्या गेमच्या कॉम्प्युटरला नव्या गेमचा जोडलाच जात नव्हता. एका स्कूटरवर येणारे ललित आणि संघर्ष एकाच खोलीत बसून एकमेकांवर चाल करू शकत नव्हते. दोघे पाठीला पाठ लावून बसले. ना आरडाओरडा, ना शिव्या. मग ते वेगवेगळ्या वेळी येऊ लागले. बाकीचे येईनासेच झाले.

"सगळीकडे एकच टाकतो ना, आई."

"चारचौघांत केलेली वाटनी मोडत नसते मी," सखुबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

चंदरला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी तो भिंतीकडच्या वायरी काढत असताना संघर्ष आला.

"ललित आहे का, काकू?"

"नाय."

तो जरा घुटमळला. मग खिडकीकडच्या खुर्चीत, ललितच्या जागी बसला. पडद्यावर त्याचे दुबळे घोडे तटावर धडकून कोसळू लागले. त्याने पुन्हा नवे घडवले, पुन्हा पाठवले, आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.

सखुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ललित येताना दिसतो का ते बघत, रस्त्याकडे तोंड करून, सगळं दार अडवून उभ्या राहिल्या.