बोंडल्यातलं पाणी

चैत्रातली सकाळ मिठागरावर उतरते ती दोन उन्हं घेऊन. एक वरून, आभाळातलं. एक खालून, मिठातलं. खाडीच्या काठाने शुभ्र, लखलखीत, निःशब्द ढीग बसलेले असतात, आणि चौकोनी वाफ्यांतलं पाणी कुणाला न सांगता उडून जात असतं. मागे उरतं ते मीठ.

या शुभ्र भुईच्या कडेला चांगुणाचं घर. घरात झोळी, झोळीत नात. नाव निधी, पण हाक बाय. आणि झोळीशेजारच्या फडताळात एक चांदीचं बोंडलं: चिमुकलं, चोच असलेलं, लेकराच्या ओठांना बेतून घडवलेलं. ते चांगुणाच्या सासूचं. सासूच्या हातून ते चांगुणाच्या हाती आलं, आणि त्याच्याबरोबर एक समजूतही आली. मिठात राबणाऱ्या बाईचं दूध खारावतं. ते पिणाऱ्या लेकराला वरून पाणी पाजावं, नाहीतर लेकरू तहानेने सुकतं.

सून दर्शना उजाडताच मिठात उतरायची. जाताना सांगून जायची, बाय रडली की बांधावरून घेऊन ये, आये, मी पाजीन. चांगुणा मान डोलवायची. पण बांध लांबचा, ऊन आगीचं, लेकरू कोवळं. मग बाय रडली की बोंडल्याची चोच तिच्या ओठांशी जायची, खडीसाखरेचं गार पाणी थेंबथेंब उतरायचं, आणि चुटूचुटू ओढून बाय निजायची. किती गुणाची, असं चांगुणाला वाटायचं. अगदी मायेने वाटायचं. सुनेला सांगायचं तेवढं राहून जायचं. ती पडली अंगणवाडीच्या ताईंचं ऐकणारी.

त्या दिवशी बाय अंगणवाडीतल्या वजनकाट्याच्या झोळीत टांगली गेली. काटा हलला, थरथरला, आणि मागच्या महिन्याच्याच जागी येऊन थांबला. खिडकीबाहेर गुलमोहर पेटला होता.

"वरचं काही देता का?" ताईंनी विचारलं. "पाणी, गुटी, मध?"

"नाय ताई. थेंब पन नाय," दर्शना म्हणाली. तिचा आवाज निर्मळ होता. चांगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"देऊ नका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. या उन्हातसुद्धा दुधातलं पाणी पुरतं बाळाला. पाण्याने पोट भरलं की ते ओढत नाही, आणि ओढलं नाही की पान्हा आटतो. आठवड्याने परत आणा. नाही वाढली तर डॉक्टरांना दाखवू."

ताई सहज म्हणाल्या. चांगुणाच्या काळजात मात्र ते शब्द फटकन बसले.

परतताना दर्शना सुनेपणाची सारी भीड सोडून रडली. "माजाच दूद पातल हाय, आये. सांजचे दुदाच्या पावडरीचा डबा आनते बाजारातून. माज्या पोटची पोर माज्यानं पोसवत नाय." चांगुणाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आपला हात आपल्यालाच खोटा वाटून काढून घेतला.

घरी आल्यावर दर्शनाने वाटीत दूध पिळून पाहिलं. तळ जेमतेम झाकला. ती वाटी तशीच ठेवून डोळे पुसत मिठाकडे निघून गेली, कारण पिकलेलं मीठ कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

चांगुणा वाटीजवळ बसली. पातळ, निळसर, मंद चमकणारं ते दूध. तिने करंगळीचं टोक बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

गोड.

खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या घामात, खारट भेगाळल्या हातांच्या त्या पोरीने हे गोड आणलं कुठून? खारेपणाचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं ही एवढी साधी गोष्ट कुणी चाखून पाहिली नव्हती. सासूने नाही. तिनेही नाही.

आणि मग जाई आठवली. चांगुणाची थोरली. अशाच एका चैत्रात, याच बोंडल्यातून पाणी पीत, गुणी मुलीसारखी निजत, ती हलकी हलकी होत गेली होती. दृष्ट लागली, म्हणाले सगळे. चांगुणाही तेच म्हणत आली. पाण्याने गेली की आणखी कशाने, ते आता कोण सांगणार? कुणी विचारलंही नव्हतं. तरी चांगुणा भिंतीला टेकून बसून राहिली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

गप्प राहणं सोपं होतं. सांजेला डबा आला असता, बोल सुनेच्या दुधाला लागला असता, आणि चांगुणा चांगली सासू म्हणून मेली असती.

झोळीत बाय रडली. चांगुणाचा हात सवयीने फडताळाकडे गेला. बोंडलं तिने उचललं, कनवटीला खोचलं. बायला उराशी घेतलं, डोक्यावर छत्री धरली आणि बांध धरला.

वाफ्यात उभी असलेली दर्शना तिला येताना बघत राहिली.

"तुजा दूद पातल नाय ग," चांगुणा धापा टाकत म्हणाली. "मीच पानी पाजीत व्हती तिला. तुज्या मागारी." आणि तिने बोंडलं पुढे केलं.

दर्शनाने ते घेतलं नाही. "मी रोज इचारायची तुला," ती हळूच म्हणाली. "बाय रडली का, म्हनून. रोज."

"व्हय."

"आनि तू 'नाय' बोलायचीस."

"व्हय," चांगुणा म्हणाली. जाईचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. सुनेकडून दया मागायची तिला सोय नव्हती.

दर्शनाने मडक्यातल्या गोड्या पाण्याने हात धुतले, छाती धुतली, आणि बायला चांगुणाच्या हातातून काढून घेऊन बांधावर बसली. बाय आधी चाचपडली. चिडली. मग तिने ओढायला घेतलं.

तिथे झाड नव्हतं, छप्पर नव्हतं. वाऱ्याने छत्री उलटली, तेव्हा चांगुणा उन्हाकडे पाठ करून त्या दोघींपुढे उभी राहिली. बस, असं तिला कुणी म्हणालं नाही. ऊन सरकलं तशी ती सरकली. बोंडलं तिच्या मुठीत तापत होतं, तिने ते सोडलं नाही.

पांढऱ्या मिठावर म्हातारीची काळी सावली. सावलीत मान खाली घातलेली माय. आणि मायेच्या कुशीत, इवल्या गळ्यातून उतरणारा घोट. मग थोडं थांबून, आणखी एक घोट.