विसरला की थांबला

नाटक कंपनीत त्याला सगळे हळूराव म्हणत. जन्मात कधी वरच्या पट्टीत बोलला नाही, आणि ज्या कामावर होता तिथं वरची पट्टी चालतही नव्हती. हळूराव प्रॉम्प्टर होता. दिवसा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, संध्याकाळी तालमीला यायचा आणि शनिवारी प्रयोगाला विंगेत बसायचा. मांडीवर नाटकाची वही, हातात बोटाएवढी बॅटरी. नट वाक्य विसरला की त्याचा पहिला शब्द त्याच्या कानावर टाकायचा. पहिलाच हं. अख्खं वाक्य सांगतो तो प्रॉम्प्टर नव्हे, आगाऊ माणूस.

लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं? वाटू दे बापडं. विसरलेल्याला शब्द देणं कुणालाही जमेल. खरी गोम पुढं आहे. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं कसं? मोठ्या वाक्याआधी नट थांबतो, अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून बसतं, आणि नेमक्या त्या पॉजमध्ये विंगेतून कुजबुज ऐकू आली तर प्रयोगाची पार माती होते. हळूरावाच्या आधीच्या प्रॉम्प्टरनं असा पॉज खाल्ला, तर दिग्दर्शक बाईंनी त्याला मध्यंतरातच घरी पाठवलं होतं. हळूरावाकडून एकोणीस वर्षांत असं एकदाही झालं नाही. विसरलेल्याचे डोळे वर जातात, थांबलेल्याचे समोर राहतात. विसरलेला ओठांवरून जीभ फिरवतो, थांबलेला श्वास पोटात धरतो. विंगेच्या अंधारातून हळूरावाला हे लख्ख दिसायचं. त्याचा त्याला गर्वही होता, खोटं कशाला बोला.

आता नटाविषयी. कंपनीत नट पुष्कळ, पण हळूराव 'नट' म्हणाला की एकच. उंच, आवाजानं भरदार, शनिवारी राजा नाहीतर न्यायाधीश, आणि सोमवार ते शुक्रवार जाहिरातींमध्ये मिक्सरपासून झुरळांच्या औषधापर्यंत सगळ्याला आवाज देणारा. हे दोघं अकरा वर्षं एका घरात राहत होते. एका घरात आणि एका खोलीत. कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दौऱ्यावर दोघांना एकच खोली मिळायची, त्यावर मेकअपवाले काका "नवरा-नवऱ्याचं बिऱ्हाड आलं का?" असं म्हणायचेसुद्धा, आणि सगळे हसायचे. त्या हसण्यात विखार नव्हता. पण नटाच्या माहेरी, म्हणजे त्याच्या वडिलांकडे आणि ताईकडे, याचा पत्ताही नव्हता. तिथं नट सडाफटिंग होता, नाटकाच्या नादी लागून लग्नाचं राहून गेलेला.

घर हॉल आणि दोन खोल्यांचं. दुसऱ्या खोलीत एक कॉट होती, त्या कॉटवर कुणी झोपत नसे. कुणी नातेवाईक यायचा असला की, नाटकातलं कुणी चार दिवस मुक्कामाला आहे असं दिसावं म्हणून, हळूराव तिथली चादर चुरगाळायचा, उशीला मधोमध गुद्दा घालायचा, दांडीवर स्वतःचा टॉवेल टाकायचा. हे करताना त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मोठा राजा होतोस स्टेजवर," तो म्हणायचा, "आणि ताई आली की शेळी होतोस. भित्रा आहेस तू. एक नंबरचा भित्रा."

नट कधी उत्तर द्यायचा नाही. अकरा वर्षांत हे भांडण किती वेळा झालं असेल याला गणतीच नाही, आणि प्रत्येक वेळी जिंकायचा हळूरावच.

मग एका मंगळवारी ताईचा फोन आला. तिच्या नवऱ्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती. इतकी वर्षं बाबा तिच्याकडे होते, आता त्यांचं काय? बाबांचं वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, ऐकू जेमतेमच यायचं. "आता तुझी पाळी," ताई म्हणाली. "रविवारी दुपारी येते, घर बघून जाते. ती दुसरी खोली आहे ना, त्यात राहतील." फोन ठेवून नट कितीतरी वेळ हसत होता. बाबा येणार म्हणून त्याला इतका आनंद झाला होता की हळूरावाला नवलच वाटलं. वडिलांविषयी नट फारसं बोलायचा नाही. लहानपणी सायकलवर पुढं बसवून ते त्याला नाटकाला न्यायचे, एवढंच काय ते हळूरावाला माहीत होतं.

हसून झाल्यावर नट खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी सांगणार ताईला."

"काय सांगणार?"

"तू कोण आहेस ते. बाबा इथं राहायला आले तर रोज चादर चुरगाळायची का? आणि तू हॉलमध्ये झोपायचं? नाही जमणार मला. आल्यावर ती विचारेलच. विचारलं की सांगणार. मग बाबा आले तर आले, नाही आले तर..." ते वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

हळूरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. देवा, अकरा वर्षांनी! त्यानं रीतसर तालीमच लावली. स्वतः ताई झाला, खांद्याला पर्स अडकवली, दारातून आत आला. "हे कोण रे?" असं ताईच्या आवाजात विचारलं, आणि नट हसून हसून खाली बसला. वाक्य दोघांनी मिळून ठरवलं: 'जोडीदार आहे हा माझा. हे घर आमच्या दोघांचं आहे.' फापटपसारा नको, माफी तर मुळीच नको. दाढी करताना, बूट घालताना नट ते पुटपुटायचा. शुक्रवारपर्यंत ते असं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी चुकलं नसतं.

रविवारी ताई बरोब्बर तीन वाजता आली. गुटगुटीत, घामाघूम, बोलणं असं की मधे टाचणी शिरायची नाही. जिना किती चढायचा, बाबांना पेलेल का, नळाला पाणी किती वेळ, संडासात धरायला दांडी बसवून घे, एवढं सगळं पंखा लावायच्या आत विचारून झालं. दुसऱ्या खोलीत गेली, खिडकी उघडून पाहिली, कॉटवर बसून पाहिली. कॉटवरची चादर त्या दिवशी कडक, बिनसुरकुतीची होती. हळूरावानं मुद्दाम तशी ठेवली होती. मग ताई बाहेर आली, आणि चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या हळूरावाकडे पहिल्यांदा नीट बघत तिनं नटाला विचारलं,

"आणि हे कोण? मागच्या वेळीपण होते ना?"

नट उभा राहिला. त्यानं ताईकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि थांबला.

एक क्षण गेला. दुसरा गेला. खाली रस्त्यावर कुणी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. ताईच्या कपाळावर बारीक आठी पडली. आणि हळूरावाच्या तोंडून एकोणीस वर्षांच्या सवयीचा शब्द आपसूक बाहेर पडला. हळू, स्पष्ट, नेमका नटाच्या कानावर जाईल असा. फक्त शब्द ठरलेला नव्हता.

"भाडेकरू."

ताईनंही तो ऐकला. "अस्सं! भाडेकरू होय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही मोकळा झाला की बघवेना. "मी म्हटलं, कोण बाई. मग हरकत नाही. अहो, तुम्हाला त्रास देते, पण बाबा येणार म्हटल्यावर खोली लागेल. महिन्याभरात दुसरीकडे बघाल ना?"

"बघतो की," हळूराव म्हणाला.

ताईनं चहा घेतला, दोनदा चांगला झाल्याचं सांगितलं, आणि नट तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेला. वर आला तेव्हा हळूराव कप विसळत होता. एकच कप तो केव्हाचा विसळत होता.

"तो पॉज होता," नट म्हणाला.

"मला वाटलं, विसरलास."

"नाही वाटलं तुला. माझे डोळे कुठं होते?"

हळूरावानं नळ आणखी मोठा सोडला.

"कुठं होते? सांग ना. अख्ख्या गावाचे डोळे वाचतोस!"

"समोर होते," हळूराव म्हणाला.

"मग?"

काय सांगणार? खरं होतं ते. ताईच्या कपाळावर आठी पडली आणि याची पाचावर धारण बसली. दुसऱ्याला भित्रा म्हणणं फार सोपं असतं हो. रोज मागणी करायची, ती पुरी होणार नाही याची खात्री बाळगायची, आणि आपण शूर म्हणून मिरवायचं. अकरा वर्षं त्यानं हेच केलं होतं, आणि ते त्याला त्या मोरीपाशी उभं असताना कळलं. स्वतःची अशी किळस त्याला कधी आली नव्हती.

"घाबरलो मी," तो म्हणाला.

"अरे, निदान मित्र म्हणायचंस," नट म्हणाला. "भाडेकरू? मित्राला कुणी घर सोड म्हणत नाही रे." आणि तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढचे चार दिवस घरात बोलणं म्हणजे 'किल्ली घेतलीस का' आणि 'दूध संपलंय'. हळूरावानं खोली बघायला दोन ठिकाणी फोन केले. हा शुद्ध मूर्खपणा होता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. गुरुवारी नटानं ताईला फोन केला. फार बोलला नाही. "खोली रिकामी होणार नाही, तो कुठंही जाणार नाही, बाबांना मीच सांगतो काय ते," एवढंच म्हणाला. पण ताई थोडीच थांबणार? तिच्या परीनं तिनंच त्याच्या आधी बाबांना सांगून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं तालमीला निघणार, तेवढ्यात बाबांचा फोन. बाबांना ऐकू येत नसल्यामुळे ते जगालाच ऐकू येत नाही असं धरून बोलत. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"काय रे!" बाबा ओरडले. "ताई म्हणते, भाडेकरू जागा सोडत नाही! असा कसा सोडत नाही? कोण आहे कोण तो टिकोजीराव? पोलिसात दे! नाहीतर मला दे त्याला फोन, दोन मिनिटांत सरळ करतो!"

एरवी दोघंही गडाबडा लोळले असते. नटाच्या ओठांवर हसू आलंही, आणि तसंच विरलं. त्यानं एका हातानं भिंत धरली.

"बाबा, तो भाडेकरू नाही!"

"काय?"

"भाडेकरू नाही तो! जोडीदार आहे माझा! अकरा वर्षं आम्ही एकत्र आहोत, नवरा-बायको असतात तसे! हे घर आमच्या दोघांचं आहे!"

स्टेजवरचा आवाज होता तो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर थांबली. हळूराव दोन पावलांवर, फोनमधला शब्द न् शब्द ऐकू येईल इतक्या जवळ, भिंतीला पाठ लावून उभा होता.

"मला ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलतात हे हळूरावाला माहीतच नव्हतं.

"बाबा, मी म्हणतोय की..."

"म्हटलं ना, ऐकू आलं नाही. हे बघ. मला तुझ्याकडे यायचंय. ताईच्या नवऱ्याच्या मागं गावोगाव फिरायचं वय नाही माझं. मी येतो रविवारी. त्याला राहू दे हवं तर, मी हॉलमध्ये पडेन. पण तो भाडेकरू आहे. मला तेच सांगायचं, शेजाऱ्यांना तेच, नातेवाइकांना तेच. तेवढं म्हण, की मी बॅग भरतो." मग बाबांचा आवाज जरा कापला. "म्हण की रे बाळा. एवढासा तर शब्द आहे."

नट थांबला. फोन कानाशी तसाच धरून त्यानं मान वळवून हळूरावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत, कितीही अडला तरी, त्यानं कधी विंगेकडे पाहिलं नव्हतं. डोळे भरलेले होते आणि त्याला बाबा हवे होते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि हळूरावाचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसते हलले. 'भा' म्हणायला मिटतात तसे मिटलेही. दयेनं की भीतीनं, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि पुढंही कधी आलं नाही.

नटानं ते पाहिलं. मग त्यानं पाठ फिरवली, पार भिंतीकडे तोंड केलं, हळूराव दिसणारच नाही असं.

"बाबा," तो म्हणाला, "मग तुम्ही येऊ नका."

पलीकडून फोन ठेवल्याचं दोघांनाही ऐकू आलं. नट तो कानाशी धरून तसाच उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. हळूराव दोन पावलं पुढं गेला, त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि ठेवायची हिंमत होईना म्हणून तसाच धरून राहिला.